मी चावलो नव्हतो

मित्रांनो, मी एक म्हातारा सेंट बर्नार्ड कुत्रा आहे. वय विचाराल तर सात वर्षे. आमच्यासारख्या थोराड जातीच्या वाट्याला आयुष्य थोडेच येते.

गोव्यात हरमलला प्रज्योत पर्यटकांना खोल्या भाड्याने देतो. त्याने मला पिल्लू असताना आणले आणि नाव ठेवले भीम. वर्षभरात मी एवढा वाढलो की शेजारी म्हणत, "हो सुणो न्हय, वासरू!" म्हणजे हा कुत्रा नव्हेच. माझी लाळ गळायची, केस घरभर पडायचे. तरी प्रज्योतची मुलगी गौरवी माझ्या अंगाला टेकूनच अभ्यास करायची.

माझे दाट केस बर्फाळ मुलखासाठी आहेत. हरमलच्या उन्हात मी धापा टाकत सावली शोधायचो. पर्यटकांना मात्र फोटो हवे असत. प्रज्योत त्यांची मुले माझ्या पाठीवर बसवायचा. वाढत्या वजनाने आणि गुळगुळीत लाद्यांवर घसरून माझे मागचे सांधे झिजले. गुरांच्या डॉक्टरांनी बजावले, "याच्या पाठीवर कोणाला बसवू नका. खाणे बेताचे ठेवा, खाली गोणपाट घाला."

"घोड्यासारखो आसा तो!" प्रज्योत हसला.

एका दुपारी मागचे पाय लटपटले आणि मी कोसळलो. पाठीवरची पर्यटकाची मुलगी पायरीवर आपटली. तिच्या कपाळातून रक्त आले. तिचा बाप ओरडू लागला, तसा प्रज्योत घाबरून म्हणाला, "कुत्रा चावायला अंगावर गेला, साहेब. आजच घालवतो त्याला."

"बाबा, भीम पडलो! तो कोणाक चावूंक ना!" गौरवी रडत होती.

"तू गप रव!"

त्याच संध्याकाळी त्याने मला टेंपोत घालून मुळगावला आपल्या सासूकडे, शेवंतीकडे सोडले. ती मला साखळीने बांधते आणि काठीने भाताची थाळी पुढे सरकवते. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "जावय म्हणता, चावता तो." शाळेत जाणारी मुले मला पाहून पळतात. मी शेपूट हलवली की आणखी जोरात पळतात.

परवा गौरवी आली होती. गळ्यात पडून हळूच म्हणाली, "बाबान दुसरो हाडला, भीमा. तुज्यासारकोच." प्रज्योतने माझ्याच जातीचे दुसरे पिल्लू आणले आहे.

मित्रांनो, असे पिल्लू आणण्याआधी स्वतःला विचारा: त्याला गार जागा, बेताचे खाणे आणि म्हातारपणी औषध देता येईल का? येणार नसेल तर आणू नका. आणि हरमलला गेलात, कुणी म्हणाले, 'बस पाठीवर, फोटो काढू', तर कृपा करून बसू नका.