किल्ल्यांच्या जुडग्यातले तेल

मी एक तेलाची कुपी. बोटाच्या पेराएवढी, पितळेची, फिरकीच्या झाकणाची. किल्ल्यांच्या जुडग्यात लटकते, म्हणून लोकांना मी शोभेची वाटते. माझ्या पोटात जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, तेलाचे काही थेंब आहेत. ते अजून कामाचे आहेत का, हे मला खात्रीने सांगता येत नाही. तसे खात्रीने मला काहीच सांगता येत नाही. ज्यांच्या खिशात आयुष्य काढले, त्यांचाच हा गुण लागला असावा.

ते प्रोफेसर ॲल्फ्रेड, वसईचे. रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला अमेरिकेत गेले आणि तिथे मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथात गेले. मला त्यांनी तिथल्याच एका दुकानातून घेतले. घरी परतल्यावर त्यांची बहीण म्हणाली, "कॅथलिक घरातला तू! आता बायका किती करणार, ते तरी सांग." अनेक बायका करायची पंथातली ती चाल शंभर वर्षांपूर्वीच बंद झाली, हे प्रोफेसर गंभीरपणे समजावू लागले. त्यांची बायको जीन पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "एक झेपली तरी पुष्कळ झालं."

या पंथात धर्मगुरूंचा वेगळा वर्ग नसतो. बँकेतला कारकून, शिक्षक, कुठलाही लायक पुरुष याजक होतो. स्वयंपाकघरातलेच तेल माझ्यात भरून तो त्यावर प्रार्थना म्हणतो. मग कुणी आजारी पडले की एक थेंब त्याच्या डोक्याला लावून, हात ठेवून आशीर्वाद देतो. बाईला हे याजकपद नाही. तिने प्रार्थना करावी, सेवा करावी, शिकवावे. माझे झाकण मात्र पुरुषाने उघडायचे.

प्रोफेसरांनी जीनला तेल लावले, तापाने फणफणलेल्या लेकीला लावले. दर वेळी त्यांचा हात थरथरे, आणि नंतर ते पुटपुटत, "बरोबर म्हटलं ना मी?"

लेक जेनिस कॉलेजात असताना एकदा जेवताना त्यांनी सांगितले, की सुरुवातीच्या काळात पंथातल्या बायकाही आजाऱ्यांना तेल लावत असत.

जेनिसचा घास हातातच राहिला. "मग आता का नाही?"

"त्याचं उत्तर सोपं नाही, बाय."

"सोपं आहे," जीन म्हणाली. "तुम्हा पुरुषांना ते आवडत नाही, एवढंच."

प्रोफेसर त्यावर हसले नाहीत. पाणी पीत राहिले.

जीन गेल्यावर जेनिसने त्यांना आखातात, अबुधाबीपासून दूरच्या रुवैसला आणले. ती तिथे नर्स, नवरा डेन्झिल रिफायनरीत शिफ्टला. डेन्झिल कॅथलिकच राहिला होता. त्यामुळे त्या घरात मला उघडू शकणारे एकटे प्रोफेसर होते, आणि याजकाने स्वतःच स्वतःला तेल लावायचे नसते. पंथाच्या अबुधाबीतल्या चर्चमधला याजक स्टॅनली गमतीने म्हणायचा, "अंकल, तुम्ही आजारी पडू नका, बस्स."

मागच्या हिवाळ्यात ते आजारी पडलेच. हृदय थकले होते. डॉक्टरांनी घरीच ठेवायला सांगितले. त्या सकाळी श्वास लागू लागला, तेव्हा औषध नको, ॲम्ब्युलन्स नको, एवढेच म्हणाले, "स्टॅनलीला बोलव. मला आशीर्वाद हवाय." त्यांना मरणाची भीती वाटत होती. उशाशी पडल्या पडल्या मला ती कळत होती.

खिडकीबाहेर धुके इतके होते की समोरची इमारत दिसत नव्हती. स्टॅनलीचा फोन आला. जेनिसने स्पीकर लावला.

"यल्ला म्हणून निघालो, सिस्टर, पण हायवेवर मिर्फा गावाच्या अलीकडे अडकलोय. सगळे ट्रक थांबवलेत. धुकं विरलं की पोहोचतो, इन्शाल्ला. अंकलना सांगा, होल्ड ऑन."

दारात उभी असलेली नात मरिसा म्हणाली, "मम्मा, व्हाय कान्ट यू डू इट? यू आर द नर्स."

जेनिसने मला तळहातावर घेतले. हात कोरडा होता, उबदार होता.

"डॅडी, मी लावू?"

"स्टॅनली येतोय ना."

"आणि नाही पोहोचला तर?"

"मी हो म्हटलं, आणि ते चालत नसेल तर?"

"कुणाला चालत नसेल, डॅडी?"

प्रोफेसरांनी डोळे मिटले. "माहीत नाही गं, बाय. इतकं वाचलं मी. एवढंच माहीत नाही."

तिने मला उशाशी ठेवले. स्वयंपाकघरातून ऑलिव्ह ऑइलची बाटली आणली आणि त्यांच्या भेगाळलेल्या टाचांना तेल चोळू लागली. दवाखान्यात ती रोज परक्यांच्या टाचांना चोळते, तसेच. हळूहळू त्यांचा श्वास संथ झाला.

"हे कुठलं तेल?"

"भाजीचं."

"याच बाटलीतून भरलीय मी ती कुपी," ते म्हणाले आणि किंचित हसले. मग बऱ्याच वेळाने, "थोडं कपाळालाही लाव."

जेनिसचा हात थांबला. "कुठलं, डॅडी? यातलं, की कुपीतलं?"

ते तिच्याकडे बघत राहिले. ओठ हलले. उत्तर आले नाही, आणि मग येण्यासारखे राहिलेच नाही.

तिने भाजीचे तेल लावले. मला हात लावला नाही.

दुपारी ऊन पडल्यावर स्टॅनली पोहोचला. दारातच त्याला अंकल गेल्याचे कळले. खूप रडला बिचारा. जाताना म्हणाला, "सिस्टर, ती कुपी एखाद्या ब्रदरला देऊ का? उपयोगी पडेल."

"राहू दे," जेनिस म्हणाली.

आता मी तिच्या गाडीच्या किल्लीला असते. रविवारी आम्ही अबुधाबीच्या चर्चला जातो. ती शेवटच्या रांगेत बसते आणि आशीर्वादाच्या वेळी माझ्यावर मूठ मिटते. माझ्यातले तेल खवट होत चालले आहे. परवा सिग्नलला मरिसाने मला बोटाने हलवून विचारले, "हू इज इट फॉर नाऊ?" सिग्नल हिरवा झाला. जेनिसने गाडी पुढे काढली.

त्या सकाळी माझ्यात काही सामर्थ्य होते का, मला ठाऊक नाही. कदाचित मी नुसतेच पितळ असेन. पण आजाऱ्याच्या उशाशी मला बंद ठेवून कुणाची वाट पाहू नका. जो हात जवळ असेल, त्याला मला उघडू द्या. मला जेनिसचा तो हात आठवतो. तो थरथरत नव्हता.