हळदूची मूठ

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे. सोनीबाईच्या चुलीपाशी मिरच्या चिरते, वांगी चिरते. माझी मूठ काळी आहे म्हणून लगेच नाक मुरडू नका. ती जन्माने पिवळी होती.

मला सोनीबाईच्या नवऱ्याने, डोंगरसिंगने केलं. पातं चोपड्याच्या बाजारातलं, पण मूठ सातपुड्यातल्या हळदूच्या पिवळ्या लाकडाची, त्याने स्वतः बसून तासलेली. आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात सुरी देतात, टोकाला लिंबू खोचतात आणि लग्न लागेपर्यंत तो ती खाली ठेवत नाही. डोंगरसिंगने स्वतःच्या लग्नात मला धरलं, ते ओल्या हळदीच्या हाताने. त्याच्या अंगठ्याखाली मुठीत एक खळगाच पडला. पुढे पाड्यावरच्या कितीतरी नवरदेवांनी मला मिरवलं. दरवेळी पातं तेवढं पुसायचे, मुठीला पाणी लावायचं नाही अशी रीत होती. हळदीवर हळद चढत गेली आणि मी ताठ्यात वागू लागले.

मग डोंगरसिंग विहीर खणताना दरड कोसळून गेला. त्याचा भाऊ सुकलाल मला आपल्या घरी घेऊन आला. लग्नाच्या वस्तूला विधवेचा हात नको, एवढंच तो म्हणाला. जी बाई इतकी वर्षं मला तेलाचं बोट लावत आली, तिलाच मला शिवायची मनाई झाली. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, पण सुरीला विचारतो कोण?

सोनीबाईच्या मुलाचं, भूपेंद्रचं लग्न ठरलं. मांडवात आपल्याला कोणी उभं करणार नाही, हे तिला ठाऊक होतं. एकदा ती आपल्या जावेला म्हणाली की मी नसले तरी सुरीवर त्यांचा हात आहे, पोराला हळद लागताना बाप जवळ असेल. जाऊ नुसती हसली. मी मात्र ते मनाशी धरलं.

भूपेंद्र धुळ्याला गॅरेजमध्ये काम करतो. रंग मारण्याआधी गाड्यांचे पत्रे घासून गुळगुळीत करायचे, हे त्याचं काम. आईने त्याला सांगितलं की काकांकडून सुरी आण आणि नीट पुसून ठेव. तिला शिवू दिलं असतं, तर फडक्याने पातं पुसून ती मोकळी झाली असती. पण पोराला वाटलं, फोटो निघणार, मित्र येणार, सुरी कशी झगझगीत दिसली पाहिजे.

तो पॉलिश पेपर आणायला गेला, तेव्हा दुकानाच्या गौतमचंद शेठने विचारलं, कशासाठी? सुरीच्या मुठीसाठी म्हटल्यावर शेठ म्हणाला की काळा नेऊ नकोस, त्याची पूड लाकडाच्या रेषांत शिरते ती निघत नाही. हा पांढरा ने, कोरडाच घास, आणि पात्याची घाण मुठीवर येऊ देऊ नकोस. भूपेंद्र हसला. रोज हेच करतो, मला काय शिकवता, म्हणाला आणि गाडीला लागतो तोच काळा पेपर घेऊन आला.

अंगणात पाण्याची बादली घेऊन तो बसला. आधी पातं घासलं, मग त्याच गंजाच्या चिखलासकट मूठ. माझ्या अंगावरून पिवळं पाणी ओघळून मातीत गेलं. ओली होते तोवर मी चमकत होते. वाळले आणि काळी पडले. घाबरून तो पांढरा पेपर घेऊन आला आणि जोर लावून घासत राहिला. काळं हटलं नाही, डोंगरसिंगच्या अंगठ्याचा खळगा तेवढा सपाट झाला.

सोनीबाई दारात येऊन उभी राहिली. तिने आरडाओरडा केला नाही.

"तुना बापनी हळद व्हती ती," ती म्हणाली. "बठ्ठी गयी." खरंच, सगळीच गेली होती.

भूपेंद्र मान खाली घालून बसला. त्याने वाईट मनाने केलं नव्हतं, हे मला कळतं. तरी माझा राग अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी हळद होती. सुकलालने मला हातात घेऊन बघितलं.

"काळी मूठ हळदमा चालस नही," तो म्हणाला. "दुसरी आना."

कोणीतरी प्लॅस्टिकच्या लाल मुठीची सुरी आणली. लिंबू तिला खोचलं. सोनीबाई घरामागे भांड्यांच्या ढिगापाशी बसून वाजंत्री ऐकत होती आणि मी तिथेच एका पालथ्या परातीवर पडले होते.

मित्रांनो, जुनी वस्तू घासायला घेण्याआधी ती कशाची आहे, तिच्यावर काय चढलंय, हे कोणालातरी विचारा. सांगणारा भेटला, तर त्याचं ऐका. डाग वाटतो तो कधी कधी डाग नसतो.

माझं काय, आता मी रोज भाजी चिरते. मला कोणी देवळीत ठेवत नाही, कोणी कपड्यात गुंडाळत नाही. सोनीबाईच्या तळव्याला रोज थोडं काळं लागतं आणि ती ते पदराला पुसते. मला शिवायला आता तिला कोणी मनाई करत नाही.