महादेवप्पांची दमलेली शिडी

मित्रांनो, जरा भिंतीला टेकूनच बोलते. मी सोलापूरच्या एका चाळीतली जुनी कळकाची शिडी आहे. बुरुडाने मला बांधलं तेव्हा माझे कळक हिरवट होते. आता ते काळे पडलेत आणि तीन पायऱ्या नुसत्या सुतळीच्या भरवशावर आहेत.

माझे मालक महादेवप्पा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. वीस वर्षं मी त्यांना उचलून धरलं. हातात कसब फार, पण माणूस एकलकोंडा. काम सोडल्यावर तर दिवसभर दार लोटून बसायचे. चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात शेजारच्या गोजाबाई मला मागायला आल्या. त्यांना पत्र्यावर कुरडया घालायच्या होत्या.

"शिडी मोडलीया," म्हणून महादेवप्पांनी दार लावलं. मी आतच उभी होते, धडधाकट. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या भोकांना डांबर लावायला ते स्वतःच वर चढले. तेवढ्यात गोजाबाईंच्या शेळीने माझ्या पायाला अंग घासलं आणि मी आडवी झाले.

वर महादेवप्पा, खाली मी आणि त्यांच्या चपला. पत्रा तव्यासारखा तापलेला. हाक मारायची, तर कुणाला? अकरा वर्षं चाळीत राहून त्यांना एकाचंही नाव ठाऊक नव्हतं. बराच वेळ ते या पायावरून त्या पायावर नाचत राहिले. डोकं गरगरायला लागलं तेव्हा खाली बसले, चटका बसताच उठले आणि रडवेल्या आवाजात ओरडले, "अवो... शेळीवाल्या बाई!"

गोजाबाई बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं.

"मोडक्या शिडीवरनं वर कसं गेला वो?"

महादेवप्पांनी चटका बसून पुन्हा एक पाय उचलला.

"गोजाबाई नाव हाय माझं. आदी पाणी प्या."

त्यांनी मला उभं केलं, तांब्या आणि चपला वर दिल्या. डोक्याला बांधायला ओलं फडकंही दिलं. महादेवप्पा घटाघटा पाणी प्यायले. उतरायला वळतात तो बाई पुन्हा माझ्या मधल्या पायरीवर! खांद्यावर जुनं लुगडं, कमरेवर चिकाचं पातेलं, हातात सोऱ्या.

"वर हायच, तर तेवढ्या कुरडया घाला की. माझं गुडघं लई दुखत्यात."

"मला येत न्हाय."

"पाट्या रंगवत हुता न्हवं? गोल अक्षर काढल्यागत फिरवायचं."

पहिल्या चार कुरडया वेड्यावाकड्या झाल्या. पुढच्या इतक्या सुबक उतरल्या, की पलीकडची शिवम्माही पातेलं घेऊन आली. दोघींचं ओझं माझ्याच अंगावर. ऊन कललं तेव्हा कुठे महादेवप्पा खाली आले आणि दोन घरी चहाला बसले.

तेव्हापासून मला उसंत नाही. आज कुणाचा दिवा, उद्या कुणाचा मांडव. कुणी मला पावसात विसरतं, कुणी माझ्यावर ओल्या गोधड्या टाकतं. मित्रांनो, शिडी खुशाल मागून न्या, पण काम झालं की कोरड्या जागी ठेवा. कळकालाही म्हातारपण येतं.

संध्याकाळी महादेवप्पा मला शोधायला निघतात. "माजी शिडी कुटं हाय?" असं दारोदार दरडावून विचारतात आणि तिथेच गप्पा मारत बसतात. मी समोरच टेकलेली असते. त्यांना दिसतेही. पण ते मान वळवतात आणि पुढच्या दारात शिरतात.