सत्काराचा नारळ

शाल खांद्यावर पडली तेव्हा कावेरी खुर्चीत वाकून बुटाची नाडी आवळत होती.

“कावेरीताई, आता आराम!” असं म्हणत प्रथमेश सरांनी तिच्या हातात नारळ ठेवला. सर मूळचे कोकणातले, सिल्वासाच्या शाळेत खेळाचे शिक्षक आणि यंदापासून खडोलीच्या कारखान्याच्या महिला बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक. चौऱ्याण्णव सालच्या कारखान्यांच्या स्पर्धेची अंतिम लढत आता सुरू व्हायची होती. सत्कार मुद्दाम लढतीआधी उरकला होता. एकदा सत्कार झाला की माणसाने खुर्चीत बसायचं, मैदानात उतरायचं नाही, हे काय सांगावं लागतं?

आणि सरांनी भाषण तरी काय ठोकलं! धुळ्याकडची पोर खडोलीच्या कारखान्यात सुताच्या बॉबिन भरता भरता बास्केटबॉल कशी शिकली, पिंपाचं कडं भिंतीला ठोकून नेम कसा धरायची, वापीच्या संघाला तिने घाम कसा फोडला, राष्ट्रीय स्पर्धेत केंद्रशासित प्रदेशाकडून कशी खेळली. सगळं ‘होती’, ‘होती’! जिवंत बाई समोर बसलीय आणि हा माणूस तिची शोकसभा घेतोय. कावेरीच्या अंगाची लाही झाली.

गुडघा दुखत होता, खोटं कशाला बोला. पण गुडघा दुखला म्हणून हाताचा नेम थोडाच जातो?

ती उठली.

“बसा, बसा,” सर गडबडले. “संघात तुमचं नाव मानापुरतं ठेवलंय. जर्सीसुद्धा फोटोसाठी घालायला सांगितली.”

“नाव आहे ना? मग झालं.”

“अहो, गुडघ्याचं काय?”

“गुडघा माझा आहे, सर. आणि मी अजून मेली नाही.”

तिने शाल काढली आणि सरांच्याच खांद्यावर टाकली. नारळ घेऊन ती लंगडतच रिंगच्या खांबाकडे निघाली. कारखान्यात नवं मशीन बसलं की बटण दाबण्याआधी नारळ वाढवायचा, आणि तिच्या खात्यात तो मान तिचा. खांबाच्या चौथऱ्यावर तिने नारळ दाणकन आपटला. पाणी उडालं.

तिच्या खात्यातल्या बायांना आधी कळलं.

“गणपती बाप्पा...”

“मोरया!” अर्धं मैदान ओरडलं.

कावेरीने एक तुकडा समोरच्या संघाच्या कप्तानाला दिला, एक पंचांना आणि एक सरांना.

“घ्या प्रसाद. आणि बसा तिथे खुर्चीत. खेळ चांगला दिसतो तिथून.”

सर खुर्चीत बसले. खांद्यावरची शाल काढायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. तोवर पंचांनी चेंडू वर उडवला होता, आणि त्याच दुखऱ्या गुडघ्यावर कावेरीने उडी घेतली होती.