जिवंत लेकीच्या नावाची आंघोळ

पारावर बसून निवाडे देणाऱ्यांनो, खून तुम्ही केलाय. रक्त सांडलं नाही, एवढंच. जिवंत पोरीच्या नावाने तिच्या बापाला आंघोळ करायला लावली आणि घरी जाऊन पोटभर जेवलात.

मी एक जुना टीव्ही आहे, मित्रांनो. पण मुकं डबडं समजू नका मला. व्यंकटरावांनी मला वसमतहून बैलगाडीत, कडब्यावर निजवून आणलं, तेव्हा कुरुंद्याकडच्या या लहानशा गावात दुसरा टीव्ही नव्हता. रविवारी ओसरीत पाय ठेवायला जागा नसायची. त्यांची लेक मंजुषा मला ओढणीने पुसायची. माझा आवाज बसला, की डोक्यात एक थाप घालायची. तिची थाप मला बराबर कळायची.

पुढे तिने हट्टा गावच्या रत्नपालशी लग्न केलं. पोरगा शिकलेला, सुपारीचंही व्यसन नाही; पण जात तुमच्या मापात बसली नाही. तुमचा हुकूम सुटला. व्यंकटरावांनी दारात उभं राहून डोक्यावरून पाणी ओतून घेतलं, मसणातून आलेला माणूस घेतो तसं. मंजुषा मेली! त्या दिवसापासून तिचं नाव काढायला बंदी. तिची माय नर्मदाबाई मुकाट हळद शिजवायची, वाळवायची. माझा आवाज बसला तर बसलेलाच राहायचा.

यंदाचीच गोष्ट, साल दोन हजार चार. हळदीचे दिवस होते. नर्मदाबाईंचा भाऊ भागवत भाड्याने सीडी आणि प्लेअर घेऊन आला.

"अक्का, बाळापूरच्या दुकानात म्हणलं, आईच्या मायेवरचा पिक्चर द्या. त्यानं ह्यो दिला."

निघाला स्पेन देशातला भुताचा सिनेमा, हिंदीत बोलणारा!

"मेल्या, देवीचा आणायचा सोडून भूत आणलंस व्हय?" नर्मदाबाई कडाडल्या. पण उठल्या नाहीत.

सिनेमातल्या बाईची पोर समुद्रात बुडालेली असते. रोज बाहेरून कुणीतरी त्याच पोरीच्या आवाजात हाक मारतं. गावचा पाद्री बजावतो, दार उघडू नको, ते तुझं लेकरू नव्हे. बाई कडीपर्यंत जाते, माघारी फिरते, पुन्हा जाते. माझ्या काचेच्या आत ती आणि बाहेर नर्मदाबाई. दोघींचा पाय ठरेना.

"उघड की गं बाई!" नर्मदाबाईंनी हळदीचा हात काचेवर आपटला. "भूत असलं तरी लेकरू तुझंच हाय ना!"

बाईने कडीला हात घातला आणि लाइट गेली. भर दुपारचं लोडशेडिंग.

तेवढ्यात खऱ्या दारावर हाक आली. "माय!"

कोपऱ्यातून व्यंकटराव गुरकावले, "वो देऊ नको. बाराची येळ हाय."

आमच्याकडे म्हणतात, भूत एकदाच हाक मारतं. माणूस पुन्हा मारतं.

"माय, मी मंजू."

"दोनदा झाली," नर्मदाबाई उठल्या.

"मेली ती. तिच्या नावानं आंघोळ केली म्या."

"तुमी केली. माझं डोकं अजून कोरडंच हाय."

त्यांनी कडी काढली. दारात मंजुषा, कडेवर लेकरू. माय पुढे झाली. दोन्ही हातांनी तिचं तोंड चाचपत राहिली. मंजुषाचे गाल पिवळे झाले. लाइट आली, पण माझा आवाज बसलेला. मंजुषाने सवयीने थाप घातली. मी बोललो. लेकरू खदखदून हसलं. व्यंकटराव मात्र पायात वहाणा सरकवून तुमच्याच पाराकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. या घराला हळद शिजवायला काहील कुणी द्यायची नाही, म्हणालात. आणि बोट माझ्याकडे केलंत, "ह्या डबड्यानं बाई बिघडवली."

तेव्हापासून मी गोठ्यात आहे. माझ्यावर कोंबडी बसते. काचेवर पिवळी पाच बोटं अजून आहेत. मित्रांनो, कधी मला पुसायला आलात तर धूळ पुसा, ती बोटं राहू द्या.

आणि पारावरच्यांनो, तुम्ही उठू नका. आता मंजुषा माहेरी आली, की ते लेकरू रांगत गोठ्यात येतं, मला धरून उभं राहतं, माझ्या डोक्यावर थापा मारतं. मंजुषा मेली म्हणता ना? मग मेलेल्या बाईला पान्हा फुटतो कसा? बोला की! आता काहून गप?