ओसरीवरचं दोन बल्ब

माझी धाकटी जाऊ हौसा आन् मी एका भिंतीच्या दोन अंगाला, पण कैक वर्सं बोलणं न्हाय. भांडण कशावरनं? वाटणीत पाटा माझ्याकडं आला आन् वरवंटा तिच्याकडं गेला. तिनं दिला न्हाय, मी बी मागितला न्हाय. अडलंय माझं खेटर!

ओसरीचा उजेड मात्र वाटूनच घ्यायला लागायचा. आमचं मालक वायरमन. सांजच्याला शेतावरच्या मोटारी बंद झाल्या, की आमच्या गारगोटी गावात होल्टेज चढायचं, बल्ब पटापट उडायचं. म्हणून घर एक असताना त्यांनी माझ्या दारावरचा आन् हौसाच्या दारावरचा बल्ब एकाच वायरीत, एकामागं एक जोडला. होल्टेज दोघांत निम्मं-निम्मं. उजेड मंद, पण बल्ब टिकायचं. फकस्त दोघींनी आपापलं बटण दाबलं तरच दोन्ही लागायचं. मालक गेलं, दीर गेलं, मधी भिंत आली, वायर तशीच ऱ्हायली. सांजचं मी बटण दाबून अंधारात बसायची. तिकडं खट्ट वाजून उजेड पडला, की मनात म्हणायची, हाय बया, जिती हाय.

एकदा तिनं इरेला पडून शंभरचा बल्ब लावला. माझा साठचाच. झालं भलतंच! मोठा बल्ब करंटाला कमी अडवतो, म्हणून त्याच्या वाट्याला होल्टेज बी कमी. तिचा मिणमिणला, माझा झगमगला. भिंतीपल्याड तिच्या शिव्या ऐकून मी पोट धरून हसून घेतलं. लई दिवसांनी.

दिवाळी झाली आन् तिचा पोरगा विश्वजित तिला गडहिंग्लजला घिऊन गेला. मी रोज बटण दाबायची, अंधारात बसायची. मग एक दिवस त्यो एकटाच आला. तिकडचा बल्ब काढला, बटण काढलं, वायर सरळ जोडून दिली.

"थोरल्या आई, आता बघा तुमचा उजेड!"

सगळं होल्टेज माझ्या एकटीच्या बल्बावर. ओसरी लख्ख, आन् तिच्यात मी एकटी. आग लागो त्या उजेडाला! मला हौसा पायजे हुती.

सकाळी मीच फोन लावला. "उजेड लई डोळ्यावर येतोय गं," म्हटलं. "ये की परत. तुझ्याबिगर न्हाय करमत मला."

 ती रडायलाच लागली.

"अक्का, पोरानं घर इकलं गं. तुला सांगणार कशी? बोलत कुठं हुतो आपण?"