बोलकी मदत

थंड खोलीचं जाडजूड दार धप्पकन लागलं, तशी मावशींनी वाफाळत्या चहाचा कप ओठाला लावला आणि दारातल्या काचेला नाक टेकवलं.

आत तीन माणसं होती. कंपनीचे धाकटे साहेब, त्यांचे वडील थोरले साहेब, आणि फुलांचा घाऊक धंदा करणाऱ्या एक बाई. या बाईंना आपल्या सगळ्या थंड खोल्यांसाठी कंपनीचं सॉफ्टवेअर हवं होतं. दारं, दिवे, गारवा, सगळं तेच सांभाळणार. धाकट्या साहेबांनी दार मुद्दामच लावून घेतलं होतं. आत अडकलेल्या माणसाने कुणाला हाका मारायच्या नाहीत, नुसतं भिंतीला विचारायचं, हेच तर दाखवायचं होतं.

पूर्वी त्याच भिंतीवर खिळ्याला एक कार्ड टांगलेलं असे. ते मावशींचं. कंपनीच्या प्रत्येक सॉफ्टवेअरची मदत, म्हणजे वापरायच्या सूचना, त्याच लिहीत आल्या होत्या. ‘लाल दांडा ओढू नका. आत ढकला, मग दाराला खांदा द्या.’ एवढंच, पण चष्मा घरी विसरलेल्या म्हशीलाही वाचता यावं इतक्या ठसठशीत अक्षरांत. ते लिहिण्याआधी त्या स्वतः आत कुडकुडत उभ्या राहून आल्या होत्या. घाबरलेला माणूस दांडा हमखास ओढतो, हे त्यांना तिथेच कळलं. एक हमाल तर हाताला फोड येईपर्यंत ओढत बसला होता.

धाकटे साहेब खुर्चीवर आले आणि त्यांनी पहिल्याच बैठकीत ते कार्ड उपटून आणलं. टेबलावर कॉफी सांडली होती, ती त्या कार्डानेच पुसली.

“मावशी, मदत कुणी वाचतं का हो? मदत आता बोलणार!”

सगळे हसले. मावशीही हसल्या, पण त्या हसण्याला दात होते. ओलं कार्ड त्यांनी उचललं, पुसलं आणि पिशवीत ठेवलं.

मग या बोलक्या मदतीचे संवाद लिहायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं.

“साहेब, तिला कुणासारखं बोलायला लावू?”

“माझ्यासारखं. कंपनीचा आवाज म्हणजे मीच ना!”

झालं. मोठ्यांचा शब्द खाली पडू देऊ नये. मावशींनी वर्षभर या माणसाकडे खेटे घातले होते. कधी कार्ड परत लावा म्हणून, कधी संडासाशेजारची आपली खुर्ची हलवा म्हणून. त्याची सगळी उत्तरं त्यांना तोंडपाठ होती. त्यांनी ती जशीच्या तशी उतरवली आणि ऐकायला पाठवली. साहेबांनी न ऐकताच ‘उत्तम’ असा शेरा मारला.

हा नमुना अजून या एकाच खोलीत बसवला होता, आणि बाहेरची कडी मावशींच्या हाताशी होती. सूड उगवायचा तर नेटका उगवावा. सर्दीपलीकडे कुणाला काही होता कामा नये.

“बघा हं,” धाकटे साहेब आत म्हणाले. बाहेरच्या स्पीकरमधून शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. “मदत! दार कसं उघडायचं?”

“छान मुद्दा काढलात,” मधाळ आवाज आला. “यावर आपण नक्की विचार करू.”

फुलांच्या बाईंनी शाल घट्ट ओढून घेतली.

“मदत, दार उघडायचंय. आत्ता!”

“एवढी घाई कशाला? सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय.”

साहेबांनी लाल दांडा धरला आणि ओढला. अर्थातच ओढला. पुढे सांगणारे सांगत की त्यांच्या मिशीला धरलेला बर्फ फोडायला हातोडी आणावी लागली. ते जरा वाढवून सांगतात. छोटी हातोडीच होती.

“अहो, गारठून मरतोय आम्ही!”

“तुमची तळमळ मला कळते. पण आत्ता मी मीटिंगमध्ये आहे. तुम्ही जरा बाहेर थांबा.”

“बाहेरच तर जायचंय!” फुलांच्या बाई ओरडल्या.

मावशींनी चहाचा घोट घेतला आणि जिभेवर घोळवला. इतक्यात थोरल्या साहेबांनी मान वळवली. ते ओरडत नव्हते, दांडाही ओढत नव्हते. काचेतून नुसते मावशींकडे पाहत होते. मावशींनी कप खाली ठेवला आणि कडी उघडली.

“पाहिलंत?” धाकटे साहेब दात वाजवत बाहेर आले. “केवढा धीर देऊन बोलते! मार्गदर्शन थोडं कमी पडलं, पण आवाजात काय वजन आहे!”

मावशी बघतच राहिल्या. गड्याने स्वतःला ओळखलंच नव्हतं.

“दार कुणी उघडलं?” फुलांच्या बाईंनी विचारलं.

“यांनी. आमच्या मावशींनी,” थोरले साहेब म्हणाले.

“मग मला या मावशीच द्या, दाराला एक. ती भिंत तुमची तुम्हाला लखलाभ!”

त्या तरातरा निघाल्या. धाकटे साहेब शिंकत त्यांच्या मागे धावले.

थोरले साहेब मात्र दारातच थांबले. रिकाम्या खिळ्यावर त्यांनी बोट ठेवलं.

“‘यावर आपण नक्की विचार करू.’ हे आधी मी म्हणायचो, मावशी. तो माझ्याकडून शिकला.”

मावशींनी पहिलं कार्ड टांगायला एक खिळा मागितला होता, तेव्हा याच माणसाने याच शब्दांत त्यांना वाटेला लावलं होतं. शेवटी खिळा त्यांनी घरून आणून ठोकला होता.

“त्या कार्डावर होतं तरी काय?” थोरल्या साहेबांनी विचारलं. “इतकी वर्षं इथे होतं. मी कधी वाचलंच नाही.”

मावशींच्या बोटांनी खांद्यावरच्या पिशवीतला पुठ्ठा चाचपला. कॉफीने त्याचा एक कोपरा फुगला होता.

“परत लावाल का?” थोरल्या साहेबांचा आवाज गारठ्याने कापत होता. गारठ्यानेच असावा.

मावशींनी पिशवीतून हात बाहेर काढला. रिकामा.

“छान मुद्दा काढलात, साहेब,” त्या अदबीने म्हणाल्या. “यावर आपण नक्की विचार करू.”

मग त्यांनी खाली ठेवलेला कप उचलला. चहा केव्हाच थंडगार झाला होता. शेवटच्या थेंबापर्यंत त्यांनी तो सावकाश प्यायला. थोरले साहेब खिळ्यावर बोट ठेवून वाट पाहत उभे होते.